छत्तिसावा दिवस

व्यसनमुक्ती केंद्रातून माणूस घरी आला की मोहल्ल्यातले लोक एकच प्रश्न विचारतात, "छूट गई क्या?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. ताप उतरला का, प्लास्टर निघालं का, तसंच हे. पण या प्रश्नाला हो म्हणता येत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही. केंद्रात पस्तीस दिवस दारू मिळत नाही. खिसा रिकामा असतो, जेवण वेळेवर येतं, झोपेची वेळ ठरलेली असते, आजूबाजूला सगळे त्याच दुखण्याचे असतात. ते पस्तीस दिवस केंद्राचे. छत्तिसावा दिवस घरचा. आणि घरी यायच्या रस्त्यावरच स्टँडसमोर दारूचं दुकान असतं.

आम्ही म्हणजे चिखलीच्या एका मोहल्ल्यातलं एक घर. अम्मी, भाभी, आम्ही दोघे धाकटे भाऊ, मेहकरला दिलेली बहीण. कागदावर हात एकाचा चालतो आहे, पण बोलणं सगळ्यांचं आहे. थोरले भाई ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज चालवतात. इंजिनाचा आवाज ऐकून कुठला वॉल्व्ह गेला ते सांगतात अशी त्यांची पंचक्रोशीत ख्याती. हे लिहायचं ठरलं तेव्हा त्यांना विचारलं. ते म्हणाले, "लिखो. मगर मुझे बिचारा मत बनाओ, और वली भी मत बनाओ." ती अट पाळायचा प्रयत्न आहे.

लिहावंसं वाटलं त्याचं कारण असं की, आपल्या लोकांत या विषयावर बोलणंच नसतं. दारू हराम आहे, म्हणून मुसलमानाच्या घरात दारू नाही, असा एक सोपा हिशेब सगळ्यांनी मनाशी मांडलेला आहे. जे नाहीच त्याच्यावर बोलायचं काय? शेजारच्या वस्तीत नवरा पिऊन आला तर बाई ओट्यावर उभी राहून शिव्या देते, चार बाया जमतात, कुणी पोलिसात जाते. आमच्याकडे दार आतून लावून घेतात आणि टीव्हीचा आवाज वाढवतात. भाभींनी नऊ वर्षं टीव्हीचा आवाज वाढवला. माहेरीसुद्धा "शुगरचा त्रास आहे" एवढंच सांगितलं. माणूस आजारी आहे हे सांगण्याइतकी मोकळीक नसेल, तर तो बरा होत असताना त्याला साथ कोण देणार?

खरं पाहता दारूबंदीचा हुकूम आला तोसुद्धा एका रात्रीत आलेला नाही, हे मदरशातल्या मुलालाही ठाऊक असतं. सूरह बकरामध्ये आधी सांगितलं की यात फायद्यापेक्षा गुनाह मोठा आहे. मग सूरह निसामध्ये नशेत नमाजजवळ जाऊ नका असं आलं. पाच वेळची नमाज असली म्हणजे प्यायला वेळ राहतो कुठे? आणि शेवटी सूरह माइदामध्ये पूर्ण मनाई आली. मदिन्याच्या त्या पहिल्या लोकांना सवय होती हे समजून त्यांना वर्षांची मुदत मिळाली. शिवाय ते सगळे मिळून सोडत होते, कुणी एकटा सोडत नव्हता. या दोन गोष्टी आमच्या बैठकीत कुणी फारशा बोलत नाही. हराम ते हरामच. पण शरीराला जडलेलं व्यसन कसं उतरवायचं हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर फतव्यात शोधून मिळत नाही.

आमच्या घरी आधी काय काय झालं ते थोडक्यात सांगतो. भाईंनी मशिदीत तीनदा तौबा केली. तिन्ही वेळा मनापासून केली, ढोंग नव्हतं. पहिली अकरा दिवस टिकली, दुसरी एक रमजान टिकली, तिसरी चार दिवस. मग अम्मी त्यांना सैलानीला घेऊन गेल्या. आपल्या जिल्ह्यातल्या वाचकांना सैलानी सांगायला नको. पिंपळगाव सराईजवळचा तो दर्गा, होळीच्या सुमारास भरणारी यात्रा, नारळांची पेटणारी ती प्रचंड होळी. हिंदू-मुसलमान दोन्ही येतात. डोकं फिरलेल्या, अंगात येणाऱ्या, आणि पिणाऱ्याही माणसांना घरचे लोक तिथे आणतात, दिवस दिवस ठेवतात. अम्मीला तिथे धीर मिळाला, हे आम्ही नाकारणार नाही. तिच्यासारख्या शंभर आया तिथे बसलेल्या होत्या आणि पहिल्यांदा तिने परक्या बाईसमोर "माझा मुलगा पितो" असं म्हटलं. भाईंना मात्र तिथे दुसऱ्या रात्री हातापायाला कापरं भरलं, भिंतीवर किडे दिसू लागले. आसपासच्या लोकांनी हाजिरी आली म्हणून सांगितलं. ती हाजिरी नव्हती. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की पहिल्या दिवसातच हात थरथरतात, काहींना झटके येतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होऊ शकतो. त्यात माणूस दगावतोही. हे आम्हाला पुढे डॉक्टरांनी समजावलं. म्हणून इथे ठळकपणे सांगतो: बरीच वर्षं रोज पिणाऱ्या माणसाला घरात कोंडून, बांधून दारू सोडवू नये. ते पहिले चार-पाच दिवस दवाखान्याचे आहेत.

बांधण्याचं काय होतं ते देशाने पाहिलेलं आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूत एरवाडीला दर्ग्याजवळच्या एका खाजगी आश्रयस्थानाला पहाटे आग लागली. रुग्ण साखळदंडांनी बांधलेले होते. २८ जणांना पळता आलं नाही. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली. पुढे २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने कुठल्याही रुग्णाला साखळीने बांधायला मनाई केली, आणि त्याच कायद्याने दारू व इतर नशेमुळे होणाऱ्या मनाच्या विकारांना मानसिक आजारात धरलं. म्हणजे कायद्याच्या पुस्तकात आमचे भाई रुग्ण आहेत. मोहल्ल्याच्या पुस्तकात ते अजून गुन्हेगार आहेत.

एक दुसरं प्रकरण. एस.टी.च्या सीटमागे, पेपरात, भिंतींवर जाहिराती असतात: पिणाऱ्याला न कळत दारू सोडवा, जेवणात पुडी मिसळा. कोणत्या पुडीत काय असतं कुणास ठाऊक. पण डायसल्फिराम नावाची एक खरी गोळी आहे. ती घेतलेल्या माणसाने दारू प्यायली तर दारूचं शरीरात पचन अर्ध्यावर अडतं, चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. गोळी बंद केल्यावरही हा परिणाम काही दिवस, कधी दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रुग्णाला सांगून, त्याच्या मर्जीने दिली तर ती उपयोगी पडते. चोरून दिली तर जीव जाऊ शकतो. हे रसायन मुळात रबराच्या कारखान्यात वापरायचे. तिथल्या कामगारांना दारू सोसेना, त्यावरून त्याचा हा गुण लक्षात आला आणि १९४०च्या दशकात डेन्मार्कमध्ये त्याचं औषध झालं. भाईंना हे सांगितलं तेव्हा ते पुष्कळ दिवसांनी खळखळून हसले. "मतलब टायर का माल है!" त्यांनी ती गोळी सात महिने घेतली, रोज सकाळी, भाभींच्या समोर. ही अट त्यांनी स्वतःच घातली होती.

ते केंद्रात गेले जुलै २०१६मध्ये, पुण्याला. केंद्राचं नाव इथे महत्त्वाचं नाही. पण महाराष्ट्रात आज ज्या पद्धतीने हे काम चालतं तिच्यावर मुक्तांगणची छाप आहे, हे सांगायला हवं. अनिल अवचटांनी गर्दच्या विळख्यात सापडलेल्या तरुणांवर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला आले. आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. अनिता अवचटांनी केंद्र सुरू केलं. रुग्णाला मारायचं नाही, कोंडायचं नाही, बऱ्या झालेल्या रुग्णालाच कार्यकर्ता करायचं, बायकांसाठी 'सहचरी' नावाची वेगळी बैठक घ्यायची, आणि व्यसनमुक्तीचा वाढदिवस साजरा करायचा. अनिताताई १९९७मध्ये गेल्या, अवचट २०२२मध्ये गेले, काम चालू आहे. एक हिंदू डॉक्टरीणबाई पुण्यात एक रीत घालून देते आणि तीस वर्षांनी ती चिखलीच्या मोहल्ल्यातल्या एका घराच्या उपयोगी पडते, याचं आम्हाला अप्रूप वाटतं.

आता छत्तिसावा दिवस.

भाई आले ते भर पावसाळ्यात. पेरण्या उरकलेल्या, ट्रॅक्टर उभे, गॅरेजला काम कमी. केंद्रात समुपदेशकाने भाभींना फोनवर सांगितलं होतं की दारू गेली म्हणजे दिवसातले चार-पाच तास रिकामे होतात, त्यांचं काय करणार ते आधी ठरवा. आम्हाला तेव्हा हे बोलणं किरकोळ वाटलं. पहिल्याच संध्याकाळी त्याचा अर्थ कळला. असर झाली की भाई अस्वस्थ व्हायचे. उठायचे, दारापर्यंत जायचे, परत यायचे. मगरिब ते इशा हा वेळ सगळ्यात अवघड. गॅरेज बंद करून ते नेमके याच वेळी 'बसायचे'. आम्ही त्या वेळेत कामं कोंबली. धाकट्याने त्यांना आपल्या मुलांचं गणित घ्यायला लावलं. अम्मीला डॉक्टरांनी चालायला सांगितलेलंच होतं, ती त्यांना घेऊन फिरायला जाऊ लागली. सत्तरीची म्हातारी आणि पंचेचाळिशीचा मुलगा, रोज ईदगाहपर्यंत जाऊन येणं. लोक हसायचे. अम्मी म्हणायची, "हँसने दो, लेकिन रास्ता मत बदलो."

पैशाचा प्रश्न त्याहून नाजूक. केंद्रात शिकवतात की सुरुवातीला खिशात जास्त पैसे नकोत. पण घरातल्या कर्त्या माणसाला रोज बायकोपुढे हात पसरायला लावलं तर त्याचा मान जातो, आणि मान गेलेला माणूस लवकर पितो. भाभींनी यातून वाट काढली. गल्ल्याची किल्ली भाईंकडेच ठेवली. रोज रात्री हिशेबाची वही दोघांनी मिळून लिहायची, एवढंच ठरलं. वहीत कमाई एका बाजूला आणि उधारी फेडल्याची रक्कम दुसऱ्या बाजूला. उधारी होती एक लाख ऐंशी हजार. स्पेअर पार्टवाला, किराणावाला, दोन नातेवाईक, एक बचत गट. ती फिटायला तीन वर्षं दोन महिने लागले. शेवटच्या पानावर भाईंनी तारीख टाकली आणि वही बँकेच्या पासबुकासोबत पेटीत ठेवली.

आणि भाभी? तिच्याबद्दल कुणी विचारत नाही. नवरा सुधारला म्हणून तिला मुबारकबाद देतात आणि पुढे जातात. पण नऊ वर्षांची सवय तिच्याही अंगात मुरलेली होती. भाई घरात आले की ती आधी वास घ्यायची. उशीर झाला की हात थांबायचा, भाकरी करपायची. ते झोपल्यावर ती त्यांच्या गाडीची डिकी तपासायची. भाईंना हे माहीत होतं, ते डोळे मिटून पडून राहायचे. विश्वास परत यायला पिणं थांबण्यापेक्षा जास्त वेळ लागला. तिला आधार मिळाला तो आणखी तीन बायकांचा. त्यातली एक माळ्याची, एक बौद्ध समाजातली अंगणवाडी सेविका, एक मराठ्यांची. तिघींचे नवरे याच वाटेवरचे. महिन्यातून एकदा त्या कुणाच्या तरी घरी बसतात. सुरुवातीला भाभी बुरखा घालून, गल्लीच्या दुसऱ्या तोंडाने जायची, कुठे जाते ते विचारलं तर शिवणक्लास सांगायची. आता त्या आमच्याकडेही येतात.

भाईंची स्वतःची बैठक जिल्ह्यातल्याच दुसऱ्या एका गावात भरायची. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची सभा. १९३५ साली अमेरिकेत अॅक्रन नावाच्या शहरात एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही पिणारे, एकमेकांशी बोलत बसले आणि त्या बोलण्याने त्या दिवशी प्यायची गरज पडली नाही. एवढीच त्या संघटनेची सुरुवात. भारतात ती १९५७मध्ये आली. फी नाही, नाव-गाव सांगायची सक्ती नाही. तत्त्व एकच, फक्त आजचा दिवस. उद्याची शपथ घ्यायची नाही. आमच्या महाराष्ट्रात गंमत अशी की १९४९चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे, दारू प्यायला परवाना लागतो, आणि तो एका दिवसाचाही मिळतो. सरकार एका दिवसापुरतं पिऊ देतं आणि ही मंडळी एका दिवसापुरतं थांबवतात. भाई म्हणतात, "तौबा मैंने पूरी उम्र की की थी, इसलिए टूटी. आज की कर लेता हूँ." एका जुमेच्या दिवशी त्यांनी हे इमामसाहेबांनाही सांगितलं. इमामसाहेब बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, नमाजसुद्धा रोजच पढावी लागते. त्यापुढे त्यांनी कधी भाईंना तौबेबद्दल विचारलं नाही, पहिल्या सफमध्ये जागा मात्र ठेवू लागले.

त्या सभेत भाई दोन वर्षं एकटेच मुसलमान होते. एस.टी.चा कंडक्टर, एक शिक्षक, कांद्याची शेती करणारा एक जण, निवृत्त हवालदार, आणि भाई. रमजानमध्ये ही मंडळी इफ्तारला खजूर घेऊन आमच्या घरी आली. मोहल्ल्याला वाटलं, गॅरेजचे गिऱ्हाईक असतील.

१५ डिसेंबर २०१६ला सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून पाचशे मीटरच्या आत दारू विकायला मनाई केली आणि १ एप्रिल २०१७पासून दुकानांना कुलपं लागली. घरात आम्हाला ईदच वाटली. भाई मात्र म्हणाले, "दुकान बंद झालं म्हणून मी थांबलो, तर उघडलं की मी गेलो." जुलैमध्ये न्यायालयाने स्पष्ट केलं की नगरपालिकांच्या हद्दीतल्या दुकानांना ही बंदी लागू नाही, आणि कुलपं निघाली. दुकानं कमी असावीत यात शंका नाही. वर्धा जिल्हा १९७५पासून, गडचिरोली १९९३पासून दारूबंदीखाली आहे. चंद्रपूरला २०१५मध्ये बंदी आली आणि २०२१मध्ये उठली. त्यावर विद्वान लोक वाद घालतात, घालू द्या. केंद्रातून आलेल्या माणसाला मात्र दुकान उघडं असतानाच्या जगात राहायला शिकावं लागतं.

ते जग कसं असतं? नोव्हेंबर २०१८. सोयाबीन विकून झालेलं, शेतकऱ्यांच्या हातात पैसा, उधाऱ्या वसूल होण्याचे दिवस. आमच्या भागात काम झालं की गिऱ्हाईक मेकॅनिकला खुशीने 'पार्टी' देतो. नाही म्हटलं तर त्याला वाईट वाटतं. भाई सव्वादोन वर्षं नाही म्हणत आले होते. त्या आठवड्यात त्यांचा लहानपणचा दोस्त अपघातात गेला. जनाजा उचलून आले, दोन रात्री झोपले नाहीत, जेवले नाहीत, तिसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाने ग्लास पुढे केला. भूक, राग, एकटेपणा, थकवा, या चार वेळा सांभाळा असं केंद्रात शिकवतात. त्या दिवशी चारही हजर होत्या. तीन दिवस ते पीत राहिले. चौथ्या दिवशी पहाटे त्यांनी स्वतः त्या कंडक्टरला फोन लावला. तो पहिल्या गाडीने आला, दारात चप्पल काढली, आणि भाभींना एवढंच म्हणाला, "भाभी, चहा टाका. आम्ही दोघं दवाखान्यात जाऊन येतो." घरात कुणी ओरडलं नाही, कुणी कुराण हातात दिलं नाही. अम्मी त्यांच्या पायाशी बसून राहिली. सव्वादोन वर्षं वाया गेली असं आम्हाला वाटत नाही. त्या वर्षांनीच त्यांना चौथ्या दिवशी फोन उचलायला शिकवलं. पूर्वी असा चौथा दिवस चौथ्या महिन्यात यायचा. तेव्हापासून मोजणी नव्याने चालू आहे, आणि खंड पडलेला नाही.

२०२०च्या मार्चअखेर देश बंद झाला तेव्हा सभा बंद झाल्या. दारूची दुकानं बंद म्हणजे यांना सोपं, असं लोकांना वाटलं. उलट झालं. जे पीत होते त्यांना एकाएकी विड्रॉल सुरू झाले आणि त्यांचे घरचे लोक आमच्याकडे फोन करू लागले, रात्री-अपरात्री. भाई प्रत्येकाला एकच सांगायचे, सरकारी दवाखान्यात न्या, लपवू नका. पुढच्या वर्षी एप्रिल २०२१मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीला दारू मिळेना म्हणून सॅनिटायझर पिऊन सात माणसं मेली. ती बातमी वाचून भाईंनी पेपर घडी करून ठेवला आणि त्या दिवशी गॅरेज उघडलं नाही. सभेचे लोक रोज आठ वाजता फोनवर जमत. कंडक्टरचा फोन साधा होता, त्याच्यासाठी भाई आपला फोन लाऊडस्पीकरवर ठेवून दुसऱ्या फोनला लावत.

सगळ्यात कठीण दिवस मात्र दारूचा नव्हता. २०२४मध्ये भाईंच्या मुलीला स्थळ आलं. मुलगा शिकलेला, घर चांगलं, मलकापूरकडचं. पाहुणे यायच्या आदल्या रात्री घरात वाद झाला. अम्मी म्हणाली, जुनं काढायचं नाही, सहा वर्षं होत आली. भाभी म्हणाली, सांगायचं. मी नऊ वर्षं लपवलं, माझी मुलगी सासरी जाऊन लपवणार नाही. भाई काही बोलले नाहीत. मुलगी आतून म्हणाली, "अब्बा खुद बोलेंगे तो अच्छा लगेगा." दुसऱ्या दिवशी चहा-नाश्ता झाल्यावर भाईंनीच सांगितलं. पाहुणे शांतपणे ऐकून घेत होते. नंतर नेहमीसारखं बोलले, निघताना "कळवतो" म्हणाले. कळवलं नाही. पंधरा दिवस अम्मी भाभींशी बोलली नाही.

महिन्याभराने दुपारच्या वेळी मुलाचे मामू गॅरेजवर आले. आम्हाला वाटलं निरोप आणला. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, बाकावर बसले, आणि हळूच विचारलं, "वो पूने वाला पता मिलेगा? मेरे बेटे के लिए चाहिए." भाईंनी पत्ता दिला, फोन लावून दिला, मुलाला घेऊन जायला स्वतः सोबत गेले. ते स्थळ जुळलं नाही ते नाहीच. पुतणीचं लग्न दुसऱ्या वर्षी जुळलं, ज्यांना सगळं ठाऊक होतं त्यांच्याकडे. पण त्या दुपारपासून अम्मीचा राग गेला. ती म्हणाली, बोललो म्हणून एक घर गेलं, आणि बोललो म्हणून एक पोरगा वाचेल.

२०१९मध्ये केंद्र सरकारसाठी 'एम्स'ने केलेल्या पाहणीचा अहवाल आला. त्यात असं आहे की देशात दारूमुळे मदतीची गरज असलेले पावणेसहा कोटींच्या आसपास लोक आहेत, आणि दारूचं व्यसन जडलेल्या दर ३८ माणसांपैकी एकालाच काही ना काही उपचार मिळतो. उरलेले ३७ कुठे असतील? आमच्या मोहल्ल्यात जे आहेत ते आतून दार लावून, टीव्हीचा आवाज वाढवून बसलेले आहेत, हे आम्ही ओळखीने सांगू शकतो.

म्हणून मागणं मोठं नाही. कुणी केंद्रातून आला तर "छूट गई क्या" विचारू नये, आज जेवायला या म्हणावं. मगरिबनंतर त्याला हाक मारावी. लग्नाच्या रात्री मागच्या बाजूला गाडीच्या डिकीत जे चालतं तिकडे त्याला ओढू नये. मशिदीच्या कमिटीने आठवड्यातून एक तास एक खोली द्यावी, पंखा आणि पाणी असलं तरी पुरे. बायकांसाठी वेगळी वेळ असावी. आणि ज्याला कुणाशीच बोलता येत नाही त्याने निदान १४४१६ या सरकारी टेलिमानसच्या नंबरावर बोलावं. २०२२पासून तो चालू आहे, पैसे लागत नाहीत आणि नाव सांगावं लागत नाही.

भाई आता चोपन्न वर्षांचे आहेत. तळपायाला मुंग्या येतात, त्या दारूच्याच, डॉक्टर म्हणतात पूर्ण जाणार नाहीत. थंडीत बारीक नट बसवताना बोटं अडतात, ते काम आता धाकट्याचा मुलगा करतो. गॅरेजच्या मागे भिंतीला लागून त्यांनी एका जुन्या ट्रॉलीच्या फळ्यांचं बाकडं केलं आहे. जोहरनंतर तिथे कुणी ना कुणी येऊन बसतं. ट्रॅक्टर नसतो, काम सांगत नाही. भाई हातातलं काम चालू ठेवतात, मान वर करत नाहीत, पोराला दोन चहा सांगतात. ज्याला बोलायचं असतं तो चहा संपेपर्यंत बोलायला लागतो. गेल्या रमजानमध्ये चहा नव्हता, तरी चार जण येऊन बसत होते.